एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर ऑफ-रोड ट्रायथलॉन: तयारी उतरणीपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, राहणे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर. फुटबॉल खेळताना उजव्या गुडघ्याचा एसीएल (मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा अस्थिबंध) फाटला, गेल्या नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाली आणि नव्या अस्थिबंधासाठी त्याच पायाच्या हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा, कंडरा वापरला गेला. आता नऊ महिने होत आले आहेत, सूज दिसत नाही, सर्जननी "हळूहळू सगळे सुरू करा" असे सांगितले आहे. येत्या जानेवारीत १ किलोमीटर पोहणे, सुमारे २० किलोमीटर माउंटन बाइक आणि ७ किलोमीटर डोंगरवाटेने धावणे अशी ऑफ-रोड ट्रायथलॉन स्पर्धा करता येईल का, आणि तयारी कशी करावी, हे तुम्हाला हवे आहे.

करता येईल, मात्र निर्णय आज घेऊ नका, दिवाळीत घ्या. तोपर्यंत पुढे सांगितलेल्या चाचण्यांत गुडघा उतरला तर पूर्ण स्पर्धा करा. नाही उतरला तर रिले संघात पोहणे आणि सायकल तुम्ही घ्या आणि धावणे दुसऱ्याला द्या. ही सोय बहुतेक आयोजक ठेवतात, तरी नाव नोंदवण्यापूर्वीच विचारून घ्या.

१९९६ साली हवाईतील माउई बेटावर झालेल्या शर्यतीतून एक्स्टेरा ही मालिका उभी राहिली आणि या खेळाला ओळख मिळाली. तिथले पूर्ण अंतर साधारण दीड किलोमीटर पोहणे, तीस किलोमीटर सायकल आणि दहा किलोमीटर धावणे असे असते. तुमची स्पर्धा त्याहून आखूड आहे, पण अंतर कमी म्हणून गुडघ्याचा धोकाही त्याच प्रमाणात कमी, असा हिशेब येथे लागू पडत नाही. धोका किलोमीटरवर कमी आणि क्रमावर अधिक अवलंबून असतो. सर्वांत अवघड जमीन आणि सर्वांत थकलेले पाय यांची गाठ शेवटच्या टप्प्यातील उतारावर पडते, आणि शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याची खरी परीक्षा तिथेच होते. म्हणून बहुतेक जण ज्या क्रमाने तयारी करतात, म्हणजे आधी दम, मग अंतर, मग वेग आणि वेळ उरलाच तर डोंगर, तो क्रम तुमच्यासाठी उलटा करावा लागेल.

दम लवकर परत येतो, हीच या दुखापतीतली फसगत आहे. स्थिर सायकल, जलतरण तलाव, नंतर डांबरी रस्त्यावरची सायकल असे करत सहा-सात महिन्यांत माणूस पूर्वीसारखा चढ चढू लागतो आणि गुडघाही तेवढाच सावरला असेल असे गृहीत धरतो. गुडघ्याच्या आत चाललेले काम मात्र त्या गतीने होत नाही. बसवलेल्या कंडऱ्याचा रक्तपुरवठा आधी तुटतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि त्यानंतर त्याचे तंतू हळूहळू अस्थिबंधासारखे मांडले जातात. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हा ग्राफ्ट, म्हणजे बसवलेला कंडरा, सर्वांत कमकुवत असतो आणि त्याची घडण वर्ष उलटून गेल्यावरही चालूच असते. शिवाय मूळ अस्थिबंधातील ज्या चेतातंतूंमुळे गुडघा किती वाकला, किती वळला हे मेंदूला कळत असे, ते तंतू ग्राफ्टमध्ये पूर्वीसारखे नसतात. त्यामुळे "दुखत नाही" या एका गोष्टीवरून काहीच सिद्ध होत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नॉर्वेजियन अभ्यासात, गुडघा वळवावा लागणाऱ्या खेळांत परतणे नऊ महिन्यांपर्यंत जितके पुढे ढकलले, तितके प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी कमी आढळले. नऊ महिन्यांचा टप्पा तुम्ही गाठत आहात आणि जानेवारीत चौदा महिने पूर्ण होतील, म्हणजे दिनदर्शिका तुमच्या बाजूने आहे. पण त्याच अभ्यासात दोन्ही मांड्यांच्या ताकदीतील तफावत हाही वेगळा मुद्दा होता, आणि ती तफावत नुसत्या वाट पाहण्याने भरून निघत नाही.

आता चाचण्या. जिममधील लेग एक्स्टेन्शन यंत्रावर एकेका पायाने किती वजन उचलता येते ते फिजिओच्या देखरेखीखाली पाहा. उजवा पाय डाव्याच्या किमान ९० टक्के हवा. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या आणि रेषेच्या अलीकडे-पलीकडे टाकत नेलेल्या तीन उड्या, या तिन्हींनाही तोच निकष लावा. येथे एक मेख आहे. गेले नऊ महिने डावा पायही आरामातच होता. त्यामुळे दोन्ही पाय सारखेच दुबळे असले तरी टक्केवारी छान येते आणि माणूस खूश होऊन घरी जातो. म्हणून मी टक्केवारीबरोबर वजनाचा आणि अंतराचा मूळ आकडाही लिहून ठेवायला सांगतो; डावा पायसुद्धा महिन्यागणिक सुधारत असेल, तरच त्या ९० टक्क्यांना अर्थ आहे.

या सर्व चाचण्या ताज्या पायांनी होतात आणि तुमची स्पर्धा ताज्या पायांची नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंसाठी मी आणखी एक चाचणी ठेवली आहे. दीड तास सायकल चालवून आल्यावर, पाणी पिऊन लगेच, साधारण एक वीत उंचीच्या पायरीवर उजव्या पायाने उभे राहावे आणि डावी टाच जमिनीला जेमतेम टेकेपर्यंत सावकाश खाली यावे. असे दहा वेळा करावे आणि समोरून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रित करावे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की आत, अंगठ्याच्याही पलीकडे झुकतो, ते पाहावे. सकाळी सरळ राहणारा गुडघा सायकलनंतर सहाव्या-सातव्या वेळी आत झुकू लागला, तर दोष बहुधा कमरेच्या बाजूच्या आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंत असतो, आणि तो गुडघा उतारावर नेण्याच्या लायकीचा नाही असे मी समजतो. यामागे कोणताही छापील आकडा नाही, हा माझा कामाचा नियम आहे. पण जिमच्या चाचण्या उत्तम पार केलेले कितीतरी जण येथे अडकतात, एवढे नक्की.

उतरताना नेमके काय होते हे समजून घेतले तर पुढचे सरावाचे नियम लक्षात ठेवावे लागत नाहीत. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराला ब्रेक लावतो. गुडघा जवळपास सरळ असताना हा स्नायू जोराने आवळला गेला, तर तो नडगीचे हाड पुढे ओढतो, आणि ती ओढ थेट एसीएलवर येते. तिला मागून धरून ठेवण्याचे काम हॅमस्ट्रिंगचे, आणि तुमच्या हॅमस्ट्रिंगचाच एक भाग काढून घेतलेला आहे. म्हणून उतारावर पाय लांब टाकून टाचेवर आदळणे तुम्हाला परवडणारे नाही. पावले आखूड आणि झपझप टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, पाऊल शरीराच्या खाली पडावे, आणि नजर पायांवर न ठेवता चार-पाच पावले पुढे ठेवावी.

या स्नायूचा एक गुण मात्र आपल्या उपयोगाचा आहे. उतरण्याचा थोडासा सराव केला तरी दोन दिवस मांड्या भरून येतात, पण पुढचे काही आठवडे तेवढ्याच उतारणीचा त्रास बराच कमी होतो. त्यामुळे आठवड्याला एकच, पण न चुकता केलेले उतरण्याचे सत्र पुरते. चढ चालत चढा आणि उतार धावत उतरा. दम वाचतो आणि जे शिकायचे तेच शिकले जाते.

जमिनीचा क्रम आपल्याकडे आयताच मिळतो. ऑगस्टमध्ये खानापूर-जांबोटीकडच्या पावसात डोंगराचा विचार सोडून द्या. जांभ्या दगडावर शेवाळ धरलेले असते आणि लाल चिखलाखाली काय आहे ते दिसत नाही. सध्या सपाट, ओळखीच्या जमिनीवर धावा. बेळगावला येणे होत असेल तर टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतील झाडाखालचे मातीचे रस्ते या टप्प्याला फार चांगले आहेत. एक मिनिट धावणे, एक मिनिट चालणे येथून सुरुवात करून सलग अर्धा तास धावता येईपर्यंत पुढे सरकू नका. दर आठवड्याला दहा टक्के वाढ हा नियम सर्वत्र सांगितला जातो; तो लक्षात ठेवायला सोपा आहे, यापलीकडे त्याला फारसा आधार नाही. तुमच्यासाठी वाढ ठरवणारी गोष्ट गुडघ्यातील पाणी ही आहे, आणि ते कसे पाहायचे ते पुढे सांगतो.

सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की पाणंदीत उतरा. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेली पाणंद हा घोटा आणि गुडघा यांना असमान जमिनीची सवय लावणारा उत्तम मार्ग आहे. उतार जवळपास नाही, पण प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडते. बैलहोंगल-सौंदत्तीकडे कोणा नातेवाइकांकडे गेलात, तर तिथल्या काळ्या मातीत अवकाळी पावसानंतर सराव टाळा. बुटाला किलोभर माती चिकटली की चालण्याची ढब बदलते आणि सायकलचे चाक तर फिरतच नाही. ऑक्टोबरात राजहंसगडाच्या रस्त्यावर सरळ, स्थिर पृष्ठभागावरची उतरण करा. ती पचली की दिवाळीनंतर देवरवाडीच्या वैजनाथ डोंगरासारख्या मोकळ्या मुरमाच्या वाटा घ्या. तोवर जमीन वाळलेली असते, आणि घट्ट जांभ्यावर पसरलेला बारीक मुरूम म्हणजे शहाबादी फरशीवर सांडलेली ज्वारी. स्पर्धा जानेवारीत असल्याने चिखलापेक्षा याच घसाऱ्याची सवय तुम्हाला हवी. जांबोटी-कणकुंबीच्या पुढच्या जंगलवाटा मोहात पाडतात, पण तो भाग भीमगड अभयारण्याला लागून आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नये, आणि अस्वले व गवे असलेल्या रानात झुंजूमुंजू होताना एकट्याने धावणे गुडघा धडधाकट असतानाही शहाणपणाचे नाही.

मध्ये गणेशोत्सव येतो. हसू नका, पण विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशापुढे, गर्दीत, ओल्या रस्त्यावर, एका पायावर गिरक्या घेत नाचणे ही एसीएलच्या दृष्टीने फुटबॉलइतकीच अवघड हालचाल आहे. यंदा ढोल वाजवा.

सायकलबद्दल तुम्ही एका ओळीत विचारले आहे, की क्लिपलेस पेडल (ज्यात बुटाचा तळ पेडलला अडकवला जातो) वापरावे का. माझे मत: या स्पर्धेत नको. क्लिपमधून बूट सोडवण्यासाठी टाच बाहेर झटकावी लागते, म्हणजे नडगी आतल्या बाजूला फिरवावी लागते. ज्या हॅमस्ट्रिंगचा कंडरा काढला जातो, त्याचे एक काम नडगी आत फिरवणे हेच आहे. दगडात अडकून तोल जाताना घाईने टाच झटकणे आणि पाय न सुटता तसेच आडवे पडणे, या दोन्ही गोष्टी तुमच्या गुडघ्याला नकोत. पिना असलेले रुंद सपाट पेडल आणि धावण्याचेच बूट वापरले, तर सायकलवरून उतरल्यावर बूट बदलण्याचा वेळही वाचतो. क्लिपची सवय सुटत नसेल, तर बुटाच्या तळाला लावलेले शिमानोचे एसएच-५१ क्लीट काढून अनेक दिशांनी सुटणारे एसएच-५६ लावा आणि उजव्या पेडलची स्प्रिंग सैल करा.

सीट फार खाली ठेवू नका. पेडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा, नाहीतर ताण वाटीच्या मागे जातो. चढावर जड गिअर रेटण्याऐवजी हलका गिअर लावून पाय फिरते ठेवा. तुमचे वजन ७० किलोच्या आसपास असेल आणि टायर ट्यूबलेस असतील, तर हवा २० ते २५ पीएसआय पुरते. फुगवून टणक केलेला टायर मुरमावर उसळतो. थांबताना नेहमी डावा पाय टेकण्याची सवय आत्तापासून लावा, आणि उतार आडवा असेल तर थांबण्याची जागा अशी निवडा, की डावा पाय वरच्या बाजूला येईल. नोव्हेंबरपासून हंगाम सुरू झाला की हुक्केरी, चिकोडी, निपाणीकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांतून पडलेली कांडी असतात. पहाटेच्या अंधारात कांडीवरून चाक सरकणे हा आपल्याकडचा खास अपघात आहे, तेव्हा उजाडल्याशिवाय निघू नका.

पोहण्याच्या बाबतीत विहिरीत शिकलेल्यांना एक फायदा आणि एक तोटा असतो. पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून शिकलेला माणूस डोके वर ठेवून पोहतो. जलतरण तलावात ही सवय पायांना बुडवते, पण खुल्या पाण्यात दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा पाहावी लागते आणि ते त्याला सहज जमते. तोटा असा, की दमले की तो बेडकासारखे पाय मारू लागतो. त्या हालचालीत गुडघा वाकलेला असताना नडगी बाहेर फेकली जाते; चौदाव्या महिन्यात ती वर्ज्य नाही, पण किलोमीटरभर तिच्यावर विसंबू नका. फ्रीस्टाइल पक्की करा, दमल्यास पाठीवर वळा.

सरावासाठी जलतरण तलाव पुरेसा आहे. राकसकोपचे पाणी बेळगावच्या पिण्याचे आहे, तिथे पोहायचे नाही. पावसाळ्यातील मलप्रभेत आणि खडीच्या सोडलेल्या खाणींत तर मुळीच नाही. खुल्या पाण्याची ओळख व्हावी म्हणून डिसेंबरात दोन-तीन वेळा, सोबतीला पोहणारा माणूस आणि कमरेला तरंगता फुगा बांधून, परवानगी असलेल्या ठिकाणी जा. तेव्हा पोहण्यापेक्षा बाहेर येण्याचा सराव अधिक करा. जलाशयाच्या काठाला गाळ असतो. उथळ पाण्यात घाईने उभे राहिलेला माणूस पिंडरीपर्यंत रुततो, पाय तसाच अडकलेला असताना अंग काठाकडे वळते आणि गुडघ्याला पीळ बसतो. हात तळाला दोनदा लागेपर्यंत पोहत राहा, मग उभे राहा, पाय सरळ वर उपसा आणि पहिली दहा-पंधरा पावले चाला. त्यात फार तर काही सेकंद जातात.

आता गुडघ्यातील पाण्याची चाचणी. सरावानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सरळ सोडून बसा आणि मांडी सैल सोडा. वाटीच्या आतल्या बाजूला जी खळगी असते, तिथून तळहाताने दोन-तीनदा वर, मांडीकडे पुसत न्या. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदाच पुसा आणि नजर आतल्या खळगीवर ठेवा. काहीच हलले नाही तर उत्तम. छोटीशी लाट परत आलेली दिसली तर आजचा धावण्याचा सराव वगळा आणि हलकी सायकल करा. बाहेरून पुसण्याआधीच खळगी आपोआप भरली, किंवा पाणी तिथून हलतच नाही, तर गुडघा शांत होईपर्यंत धावणे आणि उड्या पूर्ण बंद ठेवून फिजिओला दाखवा. सरावात दहापैकी दोनपर्यंत दुखणे आणि ते सकाळपर्यंत जाणे चालते. गुडघा एकदा जरी "निसटल्यासारखा" झाला, अडकला किंवा अचानक फुगला, तर मात्र ही सगळी चर्चा बाजूला ठेवून सर्जनकडे जा.

ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोनदा, स्पर्धेच्या दहा दिवस आधीपर्यंत सोडू नका. लेग एक्स्टेन्शन, एका पायाचे स्क्वॉट, पायरीवरून सावकाश उतरणे, आणि हॅमस्ट्रिंगसाठी रोमानियन डेडलिफ्ट व नॉर्डिक कर्ल हे पुरेसे आहेत. दर पंधरा दिवसांनी एकदा सायकलवरून उतरून लगेच वीस मिनिटे धावा. नोव्हेंबरपासून ती वीस मिनिटे उतार असलेल्या वाटेवर घ्या.

ब्रेस, म्हणजे गुडघ्याला आधार देणारा पट्टा, घालावा का, असेही विचारले आहे. घातल्याने धीर येत असेल तर हरकत नाही, पण त्यामुळे पुन्हा होणारी दुखापत टळते असे दाखवता आलेले नाही. ब्रेस घालून उतारावर वेग वाढणार असेल तर न घातलेला बरा. स्पर्धेच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊ नका. तिने दुखणे झाकले जाते, आणि घाम गाळत असताना मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच. खाण्यासाठी परदेशी जेलच हवीत असे नाही. बेळगावच्या पश्चिम भागातील उकडलेली रताळी मीठ लावून सायकलवर खाता येतात. तासाला साधारण ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहा आणि जे काही खाणार ते सरावात आधी खाऊन बघा. कुंदा शर्यतीनंतर.

मार्ग आदल्या दिवशी चालून पाहा आणि धावण्याच्या टप्प्यातील ज्या उतारणी तुम्ही चालत उतरणार आहात, त्या तिथेच ठरवून टाका. स्पर्धेत, मागून कोणी "बाजू द्या" म्हणत असताना, हा निर्णय नीट होत नाही. पायरीच्या चाचणीत गुडघा काठावर पास झाला असेल, तर सर्वच तीव्र उतार चालत उतरा. सात किलोमीटरमध्ये याने वेळ वाढेल तो काही मिनिटांचा. शर्यतीनंतर सलग दोन दिवस सकाळी खळगीची चाचणी करा, आणि तिसऱ्या दिवशीही लाट दिसत असेल तर पुढचे पंधरा दिवस फक्त तलाव आणि सपाट रस्त्यावरची सायकल एवढेच ठेवा.